चाळीस कोरी लेबलं

९ जानेवारी

लेबलबाई,

सगळं फिरलं ते चौदा नोव्हेंबरला, दुपारी सव्वातीनला, कॉलेजच्या काचगृहात, डावीकडच्या तिसऱ्या टेबलापाशी. वेळ पक्की आठवते, कारण तू नेमकी तेव्हाच ती नोंदवहीत लिहीत होतीस. तुझा मँगोस्टीनच्या रोपांचा ट्रे खाली पडला, आणि त्यामागोमाग माझं तिसरं वर्ष, हॉस्टेलची खोली, आपले शनिवार, सगळं गडगडत खाली आलं.

माझा धक्का लागला आणि ट्रे पडला. त्याबद्दल मला एवढंच लिहायचंय.

बाकी मी मजेत. कॉलेज सोडून दीड महिना झाला आणि अजून कोणी मेलं नाही. ताईला सांगितलंय. बाबांना वाटतं की मी सुट्टीत काम करतोय. सुट्टी इतकी लांब कशी, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. विचारतील.

बसने दोन तास अंतरावर, बंदराजवळ, फळांच्या गोदामात लागलोय. परदेशातून फळं येतात, आम्ही ती निवडतो, मग ती थंड खोल्यांत जातात आणि तिथून दुकानांत. थंड खोल्या सांभाळणाऱ्या मुकादमाला सगळे थंडोबा म्हणतात. तो जिना चढायला लागला की वरच्या माणसाने निवांत चहा पिऊन घ्यावा. पण बाद झालेलं फळ घरी न्यायला तो अडवत नाही, म्हणून मला आवडतो.

तेव्हा शनिवारचा नियम मी मोडलेला नाही. एक अनोळखी फळ, मधोमध कापायचं, तोंडातून अवाक्षर न काढता चव चिठ्ठीवर लिहायची, मग दोघांनी एकदम चिठ्ठ्या उघडायच्या आणि बिया कुंडीत. गेल्या शनिवारी ती शिंगवाली काकडी होती. मधोमध कापली. तुझा अर्धा भाग बशीत ठेवला. चिठ्ठी लिहून घडी केली, आणि मग लक्षात आलं की ती उघडायची कोणासमोर? तशीच घडी केलेली पाठवतोय. आधी तू खा, तुझी लिही, मगच उघड. फसवायचं नाही. (फसवायचो मीच, माहीत आहे.)

सोबत बिया. मँगोस्टीन, रामबुतान, ड्रॅगन फ्रूट. धुऊन, तीन दिवस कागदावर पसरून, खडखडीत वाळवल्यात. पाकिटांवर तारीख घातली आहे. बघ, सुधारतोय.

तुझ्या अर्ध्या भागाला सकाळी मुंग्या लागल्या होत्या.

— उकऱ्या

(तूच ठेवलेलं नाव आहे. पेरल्यावर चौथ्या दिवशी उगवलं का बघायला माती उकरणारा दुसरा कोणी मिळाला का?)

२ फेब्रुवारी

लेबलबाई,

तीन पत्रं झाली. तीन वेळा बिया झाल्या. तुला काय हात नाहीत? की शाई संपली?

बरं, माफ कर. वरची ओळ खोडणार होतो. पण तू म्हणायचीस ना, खोडायचं नाही, चूक दिसली पाहिजे. दिसू दे.

धक्का लागला असं मी लिहिलं होतं. कोपर लागलं. जरा जोरात लागलं.

पण एक तूही सांग. ट्रेमध्ये बेचाळीस रोपं होती. मी कितीही कच्चा असलो तरी बेचाळीस मोजता येतात. त्या दिवशी चाळीस होती. बाकीची दोन चष्मेवाल्याच्या खोलीत, खिडकीत, शेजारी शेजारी, तुझ्या अक्षरातल्या लेबलांसकट मी स्वतः बघून आलो होतो. मी त्याच्याकडे तुझी वही पोचवायला गेलो होतो. पीएचडी करणाऱ्या माणसाला स्वतःची रोपं नसतात का? दोन वर्षं दर शनिवारी तुझ्यासमोर बसून बिया चोखणारा मी, आणि रोपं त्याच्या खिडकीत.

आज कामावर तमाशा झाला. ट्रकवाला मँगोस्टीनची खोकी वरून फेकत होता. मी त्याची कॉलर धरली. थंडोबा आला, त्याच्या चालीने आला, त्यामुळे तोवर शर्टाची दोन बटणं गेली होती. माझी.

मला वाटलं, हाकलणार. त्याने फेकलेल्या खोक्यातलं एक फळ माझ्या हातात दिलं. "दाब."

मी अंगठ्याने दाबलं. दबेना.

"हे काल मऊ होतं," तो म्हणाला. "बाकीच्या फळांना मार बसला की ती मऊ पडतात. हे कडक होतं. नंतर आत शिरायलाच देत नाही. सुरी चालवली तरी."

"मग तो फेकत होता ते चूकच ना?"

"चूकच. पण तू बटणं तोडून घेतलीस म्हणून हे मऊ झालं का?"

बाद झालेली अख्खी पेटी मला देऊन टाकली. सगळी कडक. मी ती भिंतीवर आपटून फोडली. दारावर टकटक. घरमालकीण. खाली तिची लाँड्री आहे. ही खोली बरोबर इस्त्रीच्या वाफेवर, त्यामुळे फरशी कायम कोमट. काकूंनी माझ्या खिडकीतले मातीचे डबे बघितले, भिंतीवरचे जांभळे डाग बघितले आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय रे, गांजा-बिंजा नाही ना?"

"गांजा असता तर एवढा जीव नसता लावला, काकू."

"मग कुणासाठी लावतोस?"

दार लावून घेतलं. म्हाताऱ्या बायकांना हे नेमकं कसं कळतं?

बिया सोबत आहेत. वाळवलेल्या.

— उ.

२१ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं! तेरा दिवस झाले, पण म्हटलं, आधी काही उगवू दे, मग लिहू.

काकूंनी टॉवेलांच्या गठ्ठ्यावर ठेवून वर आणून दिलं. मी चार वेळा वाचलं, मग खाली जाऊन काकूंकडून मोठ्याने वाचून घेतलं, मलाच भलतं काही दिसत नाही ना याची खात्री करायला. त्या वाचत गेल्या: "मँगोस्टीनचं बी वाळवलं की मरतं. रामबुतानचंही. फळातून काढल्यावर ओलंच ठेवायचं. हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे."

काकू म्हणाल्या, "हे प्रेमपत्र आहे?"

"हो," मी म्हणालो.

"आमच्या वेळी वेगळी असायची."

सही नाही. 'प्रिय' नाही. पण शेवटच्या वाक्यात टोमणा आहे, आणि ज्याला पार टाकून दिलं त्याला माणूस टोमणा मारत नाही. असं मी धरून चाललोय. चूक असेल तर सांगू नकोस.

म्हणजे महिनाभर मी तुला मेलेल्या बिया पाठवत होतो. धुऊन, पुसून, वाळवून, पाकिटावर तारीख घालून. मी एवढ्या काळजीने एकही गोष्ट कधी केली नव्हती, आणि ती काळजीच त्यांना मारत होती. दुसऱ्या वर्षाचा तो तास मला चांगला आठवतो. तू दुसऱ्या बाकावर होतीस, केस उजव्या खांद्यावर घेतले होतेस, आणि मान तिरकी करून लिहीत होतीस. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. ते हेच असावं.

त्याच दिवशी ओल्या बिया पेरल्या. सहा. शपथेवर सांगतो, चौथ्या दिवशी उकरल्या नाहीत. पाचव्या दिवशी उकरल्या. काही नाही. बाराव्या दिवशी उकरल्या, तेव्हा बोटाला काळं पाणी लागलं. थंडोबाला विचारलं. त्याने आधी हातातली पेटी सावकाश जागेवर ठेवली.

"कुठली फळं होती?"

"थंड खोलीतली."

"मग बी गारठून गेली. हे गरम पावसातलं झाड आहे. रात्रभर आमच्या खोलीत ठेवलंस की फळ टिकतं, आतली बी नाही टिकत. आम्ही फळ टिकवतो रे. बीचं आम्हाला काय."

आज शनिवार. सापाच्या कातडीचं फळ. माझी चिठ्ठी बंद न करता लिहितो, कंटाळा आला एकट्याने घड्या घालायचा: 'सफरचंद खातोय आणि शेजारी कोणीतरी नेलपॉलिश लावतंय.' तू याहून चांगलं लिहिलं असतंस. ड्रॅगन फ्रूटला तू लिहिलं होतंस, 'नटून-थटून आलेलं पाणी.' मी हसून खुर्चीवरून पडलो होतो. आता हसायला आलं तरी माणूस इकडे तिकडे बघतो आणि गप्प बसतो. एकट्याने हसणं फार जोरात ऐकू येतं.

— उ.

१७ मार्च

लेबलबाई,

चष्मेवाला आला होता. तुला माहीत असेलच.

मी खोकी निवडत होतो. त्याने थंडोबाला विचारलं, "फळांबद्दल कोणाशी बोलू?" थंडोबाने माझ्याकडे बोट केलं. "त्याच्याशी. तो फळांशी बोलतो, तुमच्याशीही बोलेल."

"अरे. तू इथे?"

"नाही, माझा पुतळा आहे."

"मला भांडायला वेळ नाही. दोन तासांनी परतीची बस आहे. मँगोस्टीन हवेत. थंड खोलीत न गेलेले."

"कोणासाठी?"

त्याने चष्मा काढून पुसला. "तुला माहीत आहे कोणासाठी."

मग त्याने सांगितलं. एक जुलैला नवं सत्र सुरू होतं. त्या दिवशी, एकाच तारखेला पेरलेली, निदान दोन पानांची चाळीस रोपं तुझ्या टेबलावर दिसली, तर प्रकल्पाचा विषय तुझ्याकडे राहील. नाही तर सर विषय बदलायला लावणार आणि दोन वर्षांच्या नोंदी रद्दीत. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तू कशाला सांगशील? मी लाल झालो, कान गरम झाले, आणि त्या गरमीत तोंडातून भलतंच निघालं.

"मग तुझ्या खिडकीतली दोन वापर म्हणावं. तिने दिलेली."

त्याने चष्मा लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण चुकीचं लेबल लावलेल्या कुंडीकडे बघतो.

"ती दोन मरायला टेकली होती. माझ्याकडे ओलाव्याची पेटी आहे. कँटीनमध्ये तुझ्यासमोर विचारलं तिने. 'ही दोन मरतुकडी याच्याकडे ठेवू का?' तू म्हणालास, 'हो हो, ठेव ना.'"

"मी?"

"तू. पेनाचं टोपण चावत तिच्याकडे बघत होतास. ऐकत होतास असं मी म्हणणार नाही."

लेबलबाई, मला ते आठवलं. सगळंच्या सगळं. तू निळा शर्ट घातला होतास, बाहीची घडी एका हाताला जास्त होती. तू काहीतरी विचारत होतीस आणि तुझे ओठ हलताना बघून मला इतकं बरं वाटत होतं, की तू माझं डोकं मागितलं असतंस तरी मी 'हो हो, ठेव ना' म्हणालो असतो. प्रश्न कळला नव्हता. दोन वर्षं मी तुला बघत होतो आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

खोक्यांच्या थप्पीवर बसलो. तो उभा राहिला. भला माणूस आहे, वैताग येईल इतका भला.

"पुढची गाडी तीन आठवड्यांनी," मी म्हणालो. "बिया मी काढतो. पेरतोही मीच."

"तू कशाला? ओल्या भुशात घालून पाठव."

"पाठवून कुठे पेरणार? काचगृह बंद आहे ना?"

"काचा बदलताहेत. मेअखेरपर्यंत." त्याने हातांनी पेटीचं माप दाखवलं. "आणि माझी पेटी दहा रोपांची."

"माझी फरशी चोवीस तास कोमट असते. खालून वाफ येते."

"उकरशील तू."

"नाही उकरणार."

"लिहून देतोस?"

लिहून दिलं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर, सहीसकट. तो पुठ्ठा तुझ्याकडे असेल. मी त्याला म्हणालो, तिला सांगू नकोस. तो म्हणाला, "मी तिच्याशी खोटं बोलत नाही." बसकडे निघाला आणि फाटकातून परत वळला. "हां, तुझ्या ड्रॅगन फ्रूटच्या बिया आल्यात बरं का. त्या वाळवल्या तरी चालतात. गवतासारख्या दाट उगवल्यात. तिच्या खिडकीत आहेत."

तिच्या खिडकीत आहेत.

हे एक वाक्य मी दिवसभर गोदामात या पेटीवरून त्या पेटीवर नेत होतो. थंडोबाने तीनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

— उ.

२० मार्च

कोपर लागलं नव्हतं. ट्रे मी दोन्ही हातांनी उचलला, डोक्याइतका वर नेला आणि उलटा केला. तू पेन धरून उभी होतीस. तू ओरडशील असं मला वाटलं होतं. तू खाली बसलीस आणि एक रोप उचलून त्याचं मूळ बघितलंस.

यावर मी काही मागत नाही.

७ एप्रिल

लेबलबाई,

काल पेरल्या. साठ.

गाडी सकाळी आली. थंडोबाने थंड खोलीचं दार उघडलंच नाही. म्हणाला, "दाराला काहीतरी झालंय. अर्धा तास लागेल." दाराला काही झालेलं नव्हतं. त्या अर्ध्या तासात मी बाद पेट्या फोडून बसलो. तिथल्या निवडणाऱ्या बायकांनीही अंगठे लावून मऊ-मऊ फळं बाजूला काढून दिली. त्यांना मी तुझी करामत दाखवली: फळाच्या तळाशी जे चिमुकलं फूल उमटलेलं असतं त्याच्या पाकळ्या मोजायच्या, आत तितक्याच फोडी. सहा म्हटलं, सहा निघाल्या. सात म्हटलं, सात. त्या ओरडायलाच लागल्या. पहिल्यांदा तू दाखवलंस तेव्हा मला खरंच वाटलं होतं की तुला सालीपलीकडचं दिसतं. तेव्हा घाबरलोही होतो. मग माझ्यातलंही दिसत असेल की!

त्याच दिवशी आपल्या दोघांच्या चिठ्ठ्यांत तेच दोन शब्द आले. दोन वर्षांत एकदाच. दोघांनी लिहिलं होतं, 'लवकर संपलं.' तू म्हणालीस, "योगायोग." मी त्या दिवसापासून माझ्या मनात आपलं लग्न लावून मोकळा झालो. तुला कळवायचं राहिलं. मग तू चष्मेवाल्याशी बोललीस की मला राग यायचा, ज्याचा तुला पत्ताच नव्हता.

गर धुऊन काढला, पण बिया वाळवल्या नाहीत. उंच कागदी ग्लास आणले, तळाला भोकं पाडली, एकात एक बी, आडवी. ग्लास गोदामातल्या दोन क्रेटमध्ये, क्रेट फरशीवर, वर ओलं फडकं. काकू येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "पलंग कुठे गेला?" पलंग भिंतीला उभा केलाय. झोपतो क्रेटच्या बाजूला, सतरंजीवर.

आता फक्त थांबायचं. मला हेच येत नाही, तुला माहीत आहे. मी तुला किती वेळा विचारलं असेल, 'तुला मी आवडतो का, खरं सांग, आज सांग.' सोमवारी विचारायचो, गुरुवारी परत. जे काही रुजू घातलं असेल ते मी दर चौथ्या दिवशी बाहेर काढून बघत होतो.

— उ.

१२ मे

लेबलबाई,

एक उकरलं. अठराव्या दिवशी. पुठ्ठ्यावर सही असताना. काम नव्हतं, सुट्टी होती, ताईचा फोन आला होता की बाबांना सगळं कळलंय. मी तिला विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "काही नाही. तुझ्या खोलीतल्या खुर्चीचा पाय डगमगत होता, तो बसवत बसले." ओरडले असते तर बरं झालं असतं. फोन ठेवला आणि बोट आपोआप मातीत गेलं.

लेबलबाई, त्याला मूळ आलं होतं. पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं. माझ्या बोटाने मोडलं.

तेव्हापासून हात खिशात घालून खोलीत फिरतो. पाणी घालतो, फडकं बदलतो, खिडकीपाशी उभा राहतो. सव्विसाव्या दिवशी पहिलं आलं. लालसर, वाकडं, कोणीतरी अंथरुणातून मान बाहेर काढावी तसं. मी ओरडलो. खालून काकू ओरडल्या, "काय जळलं?" इस्त्री तशीच टाकून धावत वर आल्या. त्या दिवशी कोणाच्या तरी शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा त्रिकोण उमटला. दोष माझाच.

आज अडतीस आहेत. बाकीची एकवीस गप्प. काही ग्लासांना वास येतो. अडतीसवर चार दिवस झाले.

शनिवारी फळ आणलं नाही. आणलं असतं तर कापावं लागलं असतं. आधी तुझा भाग बशीत ठेवणं बंद करून बघितलं, पण मग अख्खं फळ खाताना असं वाटतं की काहीतरी चोरतोय. म्हणून फळच नको. इथे भाज्या आहेत, पाव आहे, काकूंचा चहा आहे. पोट भरतं. बोलायला अडतीस जण आहेत. उत्तर द्यायचं एकही शिकलं नाही. पण त्याची आता मला सवय आहे.

अडतीस पुरणार नाहीत.

— उ.

९ जून

चाळीस!

गप्प बसलेले ग्लास मी बाहेर टाकायला निघालो होतो. पिशवी जिन्यात होती. काकू म्हणाल्या, "राहू दे की. जागा खातात का भाडं?" मी म्हणालो, दोन महिने झाले, मेलीत. त्या म्हणाल्या, "तुला काय ठाऊक? तू आत जाऊन आलास?"

ठेवले. उकरले नाहीत. परवा एक आलं आणि आज दुसरं. ही दोन बुटकी आहेत, पानं नुसती उघडताहेत. तारीख मात्र सगळ्यांची सहा एप्रिल. एक जुलैला दोन पानं होतील, मी त्यांना बजावून सांगितलंय.

लेबलबाई, आता माझ्यासाठी एकही उरत नाही. चाळीसच आहेत. ठीक आहे.

कधी आणू? कुठे आणू? मी तुझ्या टेबलावर नीट मांडून देईन, तुझ्या नोंदवहीत वेळ तू लिही. एवढं बघायला मिळालं तर पुरे.

हा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. त्यात मी पुन्हा तेच करतोय. मातीत बोट घालतोय. पण खोडत नाही. दिसू दे.

— उ.

२८ जून

लेबलबाई,

तुझं दुसरं कार्ड पोचलं. "२८ तारखेला गेटवर. सकाळी दहाच्या आत. पहारेकऱ्याकडे ठेव. मी नसेन."

या वेळी काकूंकडून वाचून घेतलं नाही.

पहिला दिवस मी संतापलो. तुला काय काय लिहिलं ते सांगत नाही, ते कागद काकूंच्या बंबात गेले. दुसऱ्या दिवशी थंडोबाकडे रजा मागायला गेलो. तो म्हणाला, "भेटणार आहे का ती?"

"नाही."

"मग पाठवून दे ना ट्रकवाल्याबरोबर. कॉलेजवरूनच जातो तो."

"तो फेकतो."

थंडोबाने रजा दिली. जाताना म्हणाला, "बसमध्ये मांडीवर ठेव. खाली ठेवू नकोस, इंजिनाची गरमी लागते." आणि मग, बऱ्याच वेळाने, मी फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून हाक मारून, "आणि परत ये. सोमवारी गाडी आहे."

बाबांचा फोन आला होता. पहिल्यांदाच. "जेवलास का?" "हो." "काय चाललंय?" मी म्हणालो, रोपं न्यायची आहेत कॉलेजला. "किती?" "चाळीस." "सांभाळून ने," म्हणाले, आणि ठेवला.

एक राहिलंय सांगायचं. दोन्ही हातांनी ट्रे उलटा केला, हे लिहिलं होतं. त्यानंतरचं लिहिलं नव्हतं. तू खाली बसून जे रोप उचललंस, ते धड होतं. मूळ शाबूत होतं. तशी बरीच होती, परत लावता आली असती. तू हात पुढे केलास ती गोळा करायला, आणि मी त्यांच्यावर पाय दिला. बूट घातलेला पाय. एकदा नाही. तू हात मागे घेतलास तेव्हा तुझ्या बोटांना माती लागली होती. तेवढं झाल्यावर मी निघालो, आणि काचगृहाचं दार इतक्या जोरात आपटलं की वरची एक काच तडकली. कदाचित त्या काचेपासूनच तिथल्या काचा बदलायला सुरुवात झाली असेल.

आता सगळं सांगून झालं. आता माझ्याकडे लपवायला काही नाही आणि पाठवायलाही काही नाही.

रोपांबद्दल. फरशीवरून उचलून चाळीसही एकाच मोठ्या क्रेटमध्ये बसवलीत. अडतीसांची दोन-दोन पानं पूर्ण आहेत, जाड, चकचकीत. दोन बुटकी उजव्या कोपऱ्यात आहेत, त्यांना थेट ऊन देऊ नकोस. पाणी कोमट. लेबलं मी कापून खोचली आहेत, चाळीसही, पण कोरी. माझ्या अक्षरातली तुला परत लिहावी लागली असती.

एक फळ ठेवलंय क्रेटच्या कडेला, कागदात. मऊ आहे, मी दाबून बघितलं. थंड खोलीत गेलेलं नाही. तळाशी सहा पाकळ्या. त्याच्याखाली माझी चिठ्ठी आहे, घडी केलेली. तुला वाटलं तर आधी खा, तुझी लिही, मग उघड. नाही वाटलं तर उघडू नकोस. मी विचारणार नाही. पहारेकऱ्याकडे क्रेट दिला की त्याच बसने परत फिरणार आहे. समोरच्या टपरीमागे उभा राहून कोण न्यायला येतं ते बघणार नाही. पुठ्ठा नाहीये जवळ, नाही तर हेही लिहून दिलं असतं.

सहा वाजत आलेत. पावणेसातची बस. हे पत्र क्रेटमध्ये खोचलं की हात गुंततील, म्हणून पुढचं होणार आहे तसं आत्ताच लिहून ठेवतो.

पलंग पहाटेच आडवा केलाय. खोली एकदम मोठी दिसतेय. फरशीवर ग्लासांचे चाळीस ओले गोल आहेत, दुपारपर्यंत वाळतील. काकू जिन्याच्या खाली उभ्या आहेत; कुलूप त्या लावतील, कारण मी क्रेट कोणाच्या हातात द्यायला तयार नाही, घटकाभरसुद्धा. दोन्ही हातांनी धरून मी उंबऱ्याबाहेर येईन. दार पायानेच ओढून घ्यावं लागेल. हळू ओढीन. पानंही हलणार नाहीत, इतकं हळू.